हिस्टामिन सोसत नाही? यादीआधी वही उघडा

बांगडा खाल्ला की अर्ध्या तासात कान तापतात, चेहरा लाल होतो, नाक वाहायला लागतं. वाइनच्या एका पेल्याने डोकं ठणकतं. रविवारचं चिकन रविवारी पचतं, पण तेच मंगळवारी फ्रीजमधून काढून खाल्लं की पोट बिघडतं आणि अंगाला खाज सुटते. ऍलर्जीच्या तपासण्या कराव्यात, तर रिपोर्ट कोरे. असं बरेच महिने चाललं की कुणीतरी हितचिंतक मोबाइलवर 'हे खाऊ नका' अशी यादी पाठवतो. टोमॅटो, पालक, वांगं, दही, लिंबू, केळी, शेंगदाणे, डाळी, चॉकलेट. यादी करणाऱ्याने वरण-भात कधी पाहिलेला नसतो, पण डाळीवर फुली मात्र ठळक मारलेली असते. ती तंतोतंत पाळायची म्हटली तर पुणेकराच्या ताटात भात, तूप आणि दुधी एवढंच उरतं.

यादी बाजूला ठेवा. हिस्टामिन हे शरीरात आणि अन्नातही असणारं एक रसायन. त्याचा त्रास पदार्थाच्या नावापेक्षा तो पदार्थ किती शिळा किंवा मुरलेला आहे आणि किती खाल्ला यावर जास्त ठरतो. तो ओळखायची भरवशाची एकच रीत आज हाताशी आहे: आधी डॉक्टरांकडून इतर कारणं बाद करून घ्यायची, मग थोडे दिवस पथ्य, आणि मग एकेक पदार्थ परत ताटात. जर्मनीतल्या ऍलर्जीतज्ज्ञांच्या २०२१ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनाही साधारण हाच क्रम सांगतात. तोच पुण्याच्या स्वयंपाकघरात कसा बसवायचा, ते पुढे.

आधी धोक्याचं

श्वास लागणं, घसा आवळल्यासारखा वाटणं, जीभ किंवा ओठ सुजणं, आवाज बसणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं यातलं काहीही झालं तर हा लेख तुमच्यासाठी नाही. १०८ ला फोन करा किंवा जवळचं इस्पितळ गाठा. माणसाला आडवं करून पाय उंच ठेवा. श्वास लागत असेल तर बसू द्या, पण उभं करून चालवू नका. तिथे जीव वाचवणारं औषध ऍड्रेनलिनचं इंजेक्शन आहे. सेट्रिझिनची गोळी देऊन 'बघू अर्धा तास' असं म्हणत बसू नका.

आणखी एक फरक सुरुवातीलाच लक्षात ठेवा. एकाच ताटलीतला मासा खाऊन घरातल्या तिघाचौघांचे चेहरे लाल झाले, तर ती मासळीतून झालेली हिस्टामिनची विषबाधा. ती कुणालाही होते. सगळ्यांना पचलं आणि त्रास फक्त तुम्हाला झाला, तोही वेगवेगळ्या पदार्थांनी वारंवार, तर पुढे वाचा.

पोटात काय होतं

हिस्टामिन हे परकं विष नाही. ते आपल्याच पेशी बनवतात. जठरात आम्ल सुटायला, मेंदू जागा राहायला, जखमेभोवती सूज येऊन दुरुस्ती सुरू व्हायला ते लागतं. अन्नातलं हिस्टामिन मुख्यतः जिवाणूंचं काम. प्रथिनांमध्ये हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल असतं, त्याचं जिवाणू हिस्टामिन करतात. म्हणून मासे, मटण, मुरलेलं चीज, आंबवलेले पदार्थ यांत ते साठतं.

खाल्लेलं हिस्टामिन मोडून टाकायचं काम आतड्याच्या अस्तरातलं डीएओ हे एन्झाइम करतं. शरीराच्या पेशींच्या आत एचएनएमटी नावाचं दुसरं एन्झाइम आहे. डीएओ कमी पडलं की हिस्टामिन रक्तात उतरतं. मोरीची जाळी अर्धी तुंबलेली असली तर तांब्याभर पाणी निघून जातं, बादली ओतली की बाहेर येतं, तसंच हे. त्यामुळे सोमवारी टोमॅटोने काही होत नाही आणि शनिवारी टोमॅटो, चीज आणि बिअर एकत्र आलं की होतं. 'परवा तर खाल्लं होतंस' हा घरच्यांचा आक्षेप खरा असतो, आणि तुमचा त्रासही खरा असतो.

डीएओ कमी का पडतं? काहींत जनुकांमुळे, काहींत आतड्याला सूज असल्यामुळे, काहींत औषधांमुळे. दारूही त्याच्या कामात अडथळा आणते. गरोदरपणात उलट होतं: वार भरपूर डीएओ बनवते, म्हणून काही जणींचा त्रास त्या महिन्यांत नाहीसा होतो आणि बाळंतपणानंतर परततो.

पहिली पायरी: दुसरं काही नाही ना?

ही पायरी लोक सर्रास गाळतात, आणि सगळ्यात महाग चूक तीच. अंगावर पित्त उठणं, जुलाब, डोकेदुखी, छातीत धडधड या प्रत्येकाची डझनभर कारणं आहेत. फॅमिली डॉक्टरांकडे जाऊन हे विषय काढा: खरीखुरी अन्नाची ऍलर्जी, दीर्घकाळ उठणारं पित्त, दुधातली साखर न पचणं, गव्हाशी संबंधित सीलिअॅक आजार, थायरॉइड, मायग्रेन, आतड्याची चिडचिड. सीलिअॅकची रक्ततपासणी करायची असेल तर गहू बंद करण्याआधी करा. पोळी सोडून महिने झाल्यावर ती खोटी नकारात्मक येऊ शकते. झटके जोराचे असतील तर डॉक्टर रक्तातलं ट्रिप्टेज (ऍलर्जीच्या जोराच्या झटक्यात वाढणारं एन्झाइम) तपासतील. ते झटक्यानंतर काही तासांत घेतलं तरच उपयोगी. त्वचेवर टोचून करायच्या ऍलर्जी चाचणीआधी साधारण आठवडाभर ऍलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात. नेमके दिवस डॉक्टरांना विचारा.

आता न करायच्या तपासण्या. रक्तातलं डीएओ मोजून मिळतं, पण तो आकडा आतड्यात काय चाललंय ते खात्रीने सांगत नाही. कमी आकड्याची ठणठणीत माणसं असतात, आणि भरपूर आकड्याची बेजारही. त्याहून वाईट ते 'दोनशे पदार्थांची फूड इनटॉलरन्स चाचणी' असं चकचकीत पॅकेज. त्यात रक्तातली आयजीजी नावाची प्रतिपिंडं मोजतात. आयजीजी म्हणजे तो पदार्थ तुम्ही खात आलात एवढीच साक्ष. युरोपातल्या ऍलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच या चाचण्या निदानासाठी वापरू नयेत असं स्पष्ट केलंय. त्या पैशात महिनाभर ताजे मासे येतील.

थेट हिस्टामिन पाजून बघण्याचीही मोठी अडचण आहे. १० निरोगी व्यक्तींना ७५ मिलिग्रॅम हिस्टामिन दिलं, तेव्हा त्यांतल्या निम्म्यांना लक्षणं आली. मात्रा मोठी असली तर कुणालाही होतं. म्हणूनच तुमची मात्रा कुठे ओलांडते हे तुम्हालाच शोधावं लागतं.

दुसरी पायरी: औषधांचा डबा उघडा

घरातल्या सगळ्या पट्ट्या टेबलावर मांडा. डीएओच्या कामात अडथळा आणतात असं ज्यांच्याबद्दल नोंदलं गेलंय त्यांत क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल (अमॉक्सिसिलिनबरोबर सर्रास दिलं जातं), उलटीवरचं मेटोक्लोप्रामाइड, रक्तदाबासाठीचं व्हेरापामिल, कफावरची ऍम्ब्रॉक्सॉल आणि ऍसिटिलसिस्टीन, मलेरियाचं क्लोरोक्वीन अशी नावं आहेत. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ऍस्पिरिनसारख्या वेदनाशामकांनी काहींच्या अंगावर पित्त उठतं. तो मार्ग वेगळा, पण वहीत त्याचीही नोंद हवी.

आपल्याकडे विशेष महत्त्वाचं म्हणजे क्षयरोगावरचं आयसोनियाझिड. ते चालू असताना बांगडा, कुपा किंवा मुरलेलं चीज खाल्लं की चेहरा लाल होणं, डोकं दुखणं, धडधडणं हे पूर्वीपासून माहीत असलेलं आहे. अशा वेळी मासा सोडा, गोळी सोडू नका. क्षयाचं औषध मधेच थांबवण्याचे परिणाम लालीपेक्षा कितीतरी भयंकर. वरच्या कुठल्याच गोळीबाबत स्वतः निर्णय घेऊ नका. यादी डॉक्टरांपुढे ठेवा, पर्याय असेल तर ते बदलतील.

तिसरी पायरी: पथ्याआधी वही

पथ्य सुरू करण्यापूर्वी आठवडाभर नेहमीसारखंच खा आणि लिहा. ऍप नको, साधी वही बरी. स्वयंपाकघरात ओल्या हाताने लिहिता येते. नोंद अशी असावी:

*मंगळवार. स. ८: घावन, ओल्या खोबऱ्याची चटणी, चहा. दु. १.१५: पोळी, दुधी, आजचं वरण. दु. ४: ऑफिसात चीज सँडविच, केचप. ४.५०: मान आणि कान लाल, डोकं जड, ६ पर्यंत. पाळीचा २६वा दिवस. काल झोप ५ तास. ५.१०ला डोकेदुखीची गोळी.*

'आजचं वरण' मधला 'आजचं' हा शब्द सगळ्यात मोलाचा. अन्न कधी शिजलं आणि मधे कुठे होतं, हे लिहिलं नाही तर वहीचा निम्मा उपयोग गेला. पाळी, झोप, एप्रिलमधलं ऊन, जिम, ताण हेही लिहा. लाली त्यांनीही वाढते. लक्षणं बहुधा काही मिनिटांपासून काही तासांत येतात. परवाच्या भेळेवर आजच्या डोकेदुखीचा आरोप ठेवू नका.

आणि हो, झणझणीत मिसळ खाताना नाक वाहिलं, कपाळाला घाम फुटला, तर ते तिखटाचं काम आहे. हिस्टामिनच्या खात्यात घालू नका.

चौथी पायरी: दहा ते चौदा दिवसांचं पथ्य

दिवस आधी ठरवा. लग्नसराई, गणपती, प्रवास मधे नको. या काळात शक्यतो ऍलर्जीची गोळीही नको, कारण तिने लक्षणं झाकली जातात. ती रोजची चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका.

मांसाहारी घरात सुरुवात मासळीपासून. बांगडा, तारली, कुपा, सुरमई यांच्या मांसात हिस्टिडिन भरपूर. मासा पाण्याबाहेर काढल्यावर गरम राहिला की कल्ल्यांतले आणि आतड्यांतले जिवाणू कामाला लागतात. एकदा हिस्टामिन तयार झालं की उकळून, तळून, कुकरच्या चार शिट्ट्या काढून किंवा फ्रीझरमध्ये टाकून ते जात नाही. गोठवल्याने पुढचं थांबतं, मागचं पुसलं जात नाही. वासही येत नाही, त्यामुळे नाकावर विसंबू नका. पुण्याला समुद्र नाही. गणेश पेठेत दिसणारा बांगडा घाट चढून आलेला असतो, आणि तो किती ताजा दिसतो यापेक्षा वाटेत किती बर्फात होता हे महत्त्वाचं.

"मावशी, गाडी कधी आली?"

"पहाटेच आली की. बघा ना कल्ले उघडून, लालभडक आहेत."

"आणि बर्फ?"

"ताई, बर्फाशिवाय कोण आणतंय?"

कल्ले बघाच, पण पाटीकडेही बघा. मासे बर्फावर नुसते मांडलेत की बर्फात पुरलेत? वरचा थर उन्हात आहे का? पथ्याच्या दिवसांत बांगडा-सुरमई पूर्ण बंद. नंतर आणाल तेव्हा बर्फाची पिशवी बरोबर न्या, तिथेच साफ करून घ्या आणि त्याच दिवशी शिजवा. सुकट, सुके बोंबील, डब्यातला ट्यूना हे या चौदा दिवसांत नकोच.

चिकन-मटण ताजं, त्याच दिवशी शिजवलेलं चालतं. उरलेलं तासाभरात पसरट भांड्यात गार करून फ्रीझरमध्ये, आणि बाहेर काढल्यावर लगेच गरम करून खायचं. गॅसवर झाकून रात्रभर ठेवलेला रस्सा चव मुरून छान लागतो, हे मला मान्य आहे, तरी नको. सलामी, सॉसेज बंद.

शाकाहारी घराचं काम सोपं आहे. डाळीत, भाजीत हिस्टामिन मासळीसारखं झपाट्याने वाढत नाही. तरी हे चौदा दिवस ताजं शिजवा. गुरुवारची आमटी स्टीलच्या डब्यात रविवारपर्यंत पोचते, ती आपल्या फ्रीजची परंपरा तेवढ्यापुरती मोडा. मुळातच हिस्टामिन असलेल्या भाज्या तीन: पालक, वांगं, टोमॅटो. भरीत आणि पालकाची पातळ भाजी दोन आठवडे नाही. टोमॅटोच्या आंबटपणाची जागा आमसूल किंवा कच्ची कैरी घेऊ शकते. अंगावर पित्त उठलं की आजी आमसूल भिजवून चोळायची, तेच आमसूल आमटीत. त्याने हिस्टामिन मोडतं असं नव्हे, नुसती आमटी छान होते.

आंबवलेल्या पदार्थांना पर्याय आपल्याकडे आयते आहेत. डोसा-आंबोळीऐवजी घावन किंवा धिरडं. आंबवलेल्या ढोकळ्याऐवजी सोडा घालून लगेच वाफवलेला. मुरलेल्या लोणच्याऐवजी कैरीचा तक्कू. व्हिनेगर आणि सोया सॉस बंद, म्हणजे चायनीजची गाडीही बंद. दह्याबाबत याद्या उगाच कडक आहेत. आदल्या रात्री विरजलेलं गोड दही बहुतेकांना चालतं. चार दिवसांचं आंबट दही आणि त्याची कढी थांबवा. ताजं पनीर, दूध, लोणी, तूप चालेल. मुरवलेलं चीज नको. दारू पूर्ण बंद, त्यात रेड वाइन आणि बिअर आधी.

मग खायचं काय? भात, पोळी, भाकरी, मूग आणि तुरीचं वरण, दुधी, पडवळ, दोडका, भोपळा, कोबी, फ्लॉवर, गाजर, बटाटा, ताजी अंडी, सफरचंद, पेरू, पोहे, उपमा, थालीपीठ, साबुदाणा, वरईचे तांदूळ. पुण्यातल्या कुठल्याही घरी यावर चौदा दिवस सुखाने निघतात.

महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरी, अननस, संत्री, चॉकलेट यांना 'अंगातलं हिस्टामिन मोकळं करणारे' म्हणून याद्यांत टाकतात. त्याला पुरावा तोकडा आहे. संत्री-केळ्यात प्युट्रेसिन नावाचं हिस्टामिनच्याच जातीचं दुसरं रसायन असतं आणि ते डीएओला गुंतवून ठेवतं, एवढं खरं. तुमच्या वहीत त्यांचं नाव वारंवार आलं असेल तरच थांबवा.

लहान मुलं, गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायका, वजन आधीच कमी असलेले आणि खाण्याबद्दल मनात भीती बसलेले यांनी हे पथ्य आपल्या आपण करू नये. आहारतज्ज्ञ किंवा डॉक्टर बरोबर हवेत.

पाचवी पायरी: निकाल, आणि एकेक पदार्थ परत

पथ्यातही वही चालू ठेवा, आणि चौदा दिवसांनी आधीच्या आणि पथ्यातल्या नोंदी शेजारी ठेवा. फरक नसेल तर पथ्य तिथेच संपवा. हिस्टामिन नव्हतं म्हणायचं आणि वही घेऊन डॉक्टरांकडे परत जायचं. 'अजून कडक करून बघू' या वाटेला लागलेली माणसं चार पदार्थांवर येऊन अशक्त होतात.

फरक स्पष्ट असेल तर पुढचे साधारण सहा आठवडे परत आणण्याचे. हा भाग लोक भीतीपोटी टाळतात, पण पथ्याची खरी कमाई इथेच आहे. एका वेळी एकच पदार्थ. पहिल्या दिवशी अर्ध्या टोमॅटोची कोशिंबीर, काही झालं नाही तर दुसऱ्या दिवशी वाटीभर सार, तिसरा दिवस रिकामा. मग पालक, मग वांगं, मग इडली-डोसा, मग चीज. मासा शेवटी, तोही ताजा आणि थोडा. पाळीच्या आधीचे दिवस, सर्दी-ताप, जागरण यांत नवा पदार्थ नको. एकेकटे सगळे पचले की जोड्या करून बघा, कारण पिझ्झा म्हणजे टोमॅटो आणि चीज, आणि शनिवारी बहुधा शेजारी बिअर. ज्या पदार्थाने पूर्वी घसा सुजला किंवा श्वास लागला तो घरी कधीच आजमावू नका.

शेवटी हाती येणारी यादी फार छोटी असते. कुणाची फक्त मासा आणि वाइन, कुणाची आंबट दही आणि वांगं. आतड्याचा आजार बरा झाला किंवा औषध बदललं की तीही पुन्हा तपासा.

गोळ्यांचं काय?

सेट्रिझिन, लिव्होसेट्रिझिन, फेक्सोफेनाडीन या गोळ्या हिस्टामिन कमी करत नाहीत. ते पेशीवर जिथे बसतं ती जागा अडवतात. खाज, पित्त, नाक यांना त्यांचा उपयोग होतो, पोटाला कमी. सेट्रिझिनने झोप येते, तेव्हा ती घेऊन दुचाकीवर कर्वे रस्त्याला लागू नका. रोज किती दिवस घ्यायची, हे डॉक्टर ठरवतील.

डीएओच्या कॅप्सुली मिळतात. बहुतेक डुकराच्या मूत्रपिंडापासून केलेल्या असतात, हे आपल्याकडे अनेकांना आधी माहीत असायला हवं; डबीवर घटक वाचा. काम झालं तर जेवणाआधी घेतल्यास त्या जेवणापुरतं होतं. अभ्यास लहान आहेत, किंमत मोठी. अंधारात मोड आणलेल्या वाटाण्यांत हे एन्झाइम सापडतं म्हणून त्याच्या कॅप्सुलीही निघाल्यात. शिजवलेल्या उसळीकडून मात्र ती अपेक्षा नको, शिजताना एन्झाइम मरतं. क जीवनसत्त्व, बी ६, तांबं यांच्या गोळ्यांसाठी ठोस पुरावा नाही. रिपोर्टमध्ये कमतरता दिसली तर भरून काढा, एवढंच.

बाहेर खाताना

हॉटेलात 'मला हिस्टामिन चालत नाही' म्हणून उपयोग नाही; वेटर ते पदार्थाचं नाव समजेल. 'हे आज केलंय का?' एवढं विचारा. थाळी मिळणाऱ्या ठिकाणी पोळी-भाजी-वरण रोजचं उठतं, ते बरं. मॅरिनेट करून ठेवलेलं तंदुरी आणि रविवारच्या गर्दीनंतरची सोमवारची मासळी टाळा. लग्नात साधं वरण, भात, पुरी-भाजी, जिलबी निर्धास्त. कुणी जेवायला बोलावलं तर यजमानांना पूर्ण यादी वाचून दाखवू नका. तुमची छोटी यादी झालेली आहे. 'मासे आणि वांगं तेवढं नको, बाकी काहीही करा' असं आदल्या दिवशी कळवलं की त्यांचाही बेत ठरतो.